मामांची दहा बोटं

ईटच्या शाळेत संगणक शिकवायला लागून मला दुसरं वर्ष चालू होतं. मी तुळजापूरची. भूमला खोली घेऊन राहायचे आणि सकाळच्या एसटीनं ईटला यायचे. शाळेनं माझ्या ताब्यात वीस संगणक दिले होते, एक कपाट दिलं होतं, आणि कपाटाशेजारी टेबलाखाली ठेवलेला एक जुना सर्व्हर. सर्व्हर म्हणजे झाकण हरवलेला डबाच होता, पण सगळ्या शाळेचं नेट त्याच्यातून जायचं. त्याला दोन नेटवर्क कार्डं होती. एकाची वायर ऑफिसकडं जायची, दुसऱ्याची संगणकाच्या खोलीकडं. ही दोन टोकं आतल्या आत जोडायची सोय असते, तिला ब्रिज म्हणतात. तो ब्रिज मीच केला होता. मुलांनी नको ते उघडू नये म्हणून त्याच्यावर तपासणीचा पहाराही मीच बसवला होता. आणि खरं सांगायचं तर त्याचा मला जरा गर्वच होता.

त्या वर्षी ऑफिसच्या दाराशी हजेरीचं यंत्र बसलं. आपला नंबर दाबायचा, बोट ठेवायचं, यंत्र गोड आवाजात आभार मानणार, आणि हजेरी माझ्या खोलीतल्या संगणकात जाऊन पडणार. सगळ्यांनी पहिल्या दिवशी नवे कपडे घातले होते. बोट बघणाऱ्या यंत्राला कपडेही दिसत असावेत असा एकंदर समज होता.

त्याच आठवड्यात सर्व्हर पडायला लागला. म्हणजे बंद नाही पडायचा, पडायचाच. पडद्यावर एकदम पांढऱ्या ओळींचा पूर यायचा, शेवटी कर्नल पॅनिक असं लिहून यायचं, आणि मग बटण दाबून उठवल्याशिवाय तो हलायचा नाही. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा, ज्याच्या जिवावर बाकीचं सगळं चालतं. रोज सकाळी, प्रार्थना संपली की पाच-दहा मिनिटांत.

मी मुख्याध्यापक सरांना सांगितलं, "सर, कर्नल पॅनिक होतोय."

सरांनी चष्मा काढला. "कोण कर्नल?"

"माणूस नाही सर. सर्व्हरच्या आतला."

"मग त्याला घाबरायला काय झालं?"

मी धूळ काढली, मेमरी बदलली, बोअरची मोटार त्याच वेळेला सुरू होते म्हणून वेगळ्या लाइनवरून वीज घेतली. हेडक्लार्क साहेबांनी कुणाला न विचारता डब्याला लिंबू-मिरची बांधली. सर विज्ञानाचे. त्यांनी ती बघून नाक मुरडलं, पण सोडायला काही सांगितलं नाही. लिंबू वाळून काळं झालं तरी सर्व्हर वेळेवर पडत राहिला. त्याच्या पडण्यावर घड्याळ लावावं इतका नेमानं.

शेवटी मी नीट कामाला लागले. पडद्यावरच्या ओळी वर सरकून जायच्या, फोटोत फक्त शेपूट यायचं. म्हणून शेजारी दुसरा संगणक मांडला आणि सर्व्हर मरताना जे बोलेल ते सगळं वायरीनं त्याच्यात उतरवून घ्यायची व्यवस्था केली. दुसऱ्या दिवशी त्याचे शेवटचे शब्द मला पूर्ण मिळाले. त्यात माझ्या ब्रिजचं नाव सहा वेळा होतं. नेटवर माल लहान लहान पुडक्यांतून जातो. एका पुडक्यात मावला नाही तर त्याचे तुकडे करतात. माझा पहारेकरी ते तुकडे जोडून तपासायचा आणि पुढं पाठवताना पुन्हा तोडायचा. या पुन्हा तोडण्यातच गाभ्याचा पाय घसरत होता. जुन्या गाभ्यातली चूक होती ती. पण शाळेत सकाळी सकाळी एवढा मोठा माल पाठवतंय कोण?

मी जाणारं-येणारं पुडकं न् पुडकं नोंदवायला लावलं. पडण्याआधीचं शेवटचं पुडकं दर वेळी हजेरीच्या यंत्राकडून आलेलं. मग मी वही घेऊन तीन दिवस यंत्रापाशी उभी राहिले. सर आले, बोट ठेवलं, काही झालं नाही. हेडक्लार्क, गणिताचे सर, विज्ञानाच्या मॅडम, कुणाचंच काही नाही. आणि मग प्रयोगशाळेचे मामा आले, त्यांनी बोट ठेवलं, आणि आतून माझ्या वर्गाचा ओरडा ऐकू आला, "बाई, पडला!"

मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. घरी मेंढरं, सकाळी त्यांच्या वाड्यावरचं आवरून प्रार्थना संपता संपता शाळेत यायचे, आणि दिवसभर परीक्षानळ्या धुवायचे. बोलणं कमी, काम चोख. चौथ्या दिवशी ते पाहुण्यांकडं बारशाला गेले, तर सर्व्हर दिवसभर उभा. पाचव्या दिवशी ते आले, पडला.

इथं माझं चुकलं. मी आनंदात धावत ऑफिसात गेले आणि भर ऑफिसात मोठ्यानं म्हणाले, "सापडलं सर! मामांच्या बोटानं पडतोय."

सगळ्यांनी मामांच्या बोटाकडं पाहिलं. मामांनी पण पाहिलं.

सर म्हणाले, "लेखी द्या. मराठीत द्या." मी अहवाल लिहिला. ब्रिजला पूल लिहिलं, कर्नलला गाभा लिहिलं. 'मोठा माल पुलावरून जात असता गाभा कोसळतो, तरी दुरुस्ती व्हावी.' हेडक्लार्क साहेबांनी तो अहवाल वाचला, त्यात पूल दिसला, आणि कामात कसूर नको म्हणून त्याची एक प्रत बांधकाम खात्याला पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी मोटारसायकलवरून एक इंजिनिअर आले. हातात टेप, मागं कॅरिअरला फाइल.

"कोसळलेला पूल कुठंय?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांना टेबलाखाली वाकायला लावलं. ते वाकले. बराच वेळ डब्याकडं बघत राहिले.

"याची लांबी किती धरू?"

"लांबी नाही साहेब. तो दिसत नाही."

"रुंदी?"

मी मान हलवली. ते माझ्या खुर्चीवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "बाई, मी पंचवीस किलोमीटर आलोय. मला काहीतरी लिहावं लागंल." आणि त्यांनी लिहिलं: पूल जागेवर आढळून आला नाही, तथापि सुस्थितीत आहे. खाली सही केली आणि गेले.

हे सरांना फार लागलं. बाहेरच्या खात्याच्या माणसासमोर शाळेची शोभा झाली, आता कुणावर तरी जबाबदारी टाकणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी मामांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. आपल्या बोटामुळे शाळेचा कर्नल वारंवार कोसळत असून, आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

मामांनी खुलासा स्वतःच्या हातानं लिहिला. तो मी वाचला आहे. 'सदर यंत्रावर मी नियमाप्रमाणे बोट ठेवले. बोट माझे जन्मापासूनचे आहे. त्यात मी काही फेरफार केलेला नाही. यापूर्वी त्याची तक्रार नाही.'

इथपर्यंत मला हसू येत होतं. पुढं येईना.

नियम म्हणून मामा हजेरीला तेवढं बोट ठेवायचे, बाकी कशालाही हात लावायचे बंद झाले. दार कोपरानं ढकलायचे. घंटा काठीच्या टोकाला फडकं गुंडाळून वाजवायचे. परीक्षानळ्या विज्ञानाच्या मॅडमना स्वतः धुवाव्या लागल्या, आणि त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात मामा उजव्या हातात लोकरीचा मोजा घालून यायला लागले. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणाले, "ठिवा तिथं टेबलावर, बाई. म्या घेतो."

एका दुपारी मी प्रयोगशाळेत गेले. ते खिडकीपाशी उभे होते.

"मामा, घरी काय चाललंय?"

"मेंढरं व्यायला झाल्यात." मग म्हणाले, "कारभारीण म्हणती, औंदा तुमी हात लावू नका. गावात बोलत्यात ना लोकं. आमी चाळीस वरीस मेंढरं वाढवली. एक पिलू माझ्या हातात दगावलं न्हाय, बाई."

माझ्या एका वाक्यानं हा माणूस स्वतःच्या मेंढरांच्या वाड्यात परका झाला होता.

मी त्यांना म्हणाले, "मोजा काढा. मला बोटं बघू द्या."

त्यांनी कुरकुरत काढला. बोटांची टोकं गुळगुळीत होती, काचेसारखी. एकही रेघ नाही. चोवीस वर्षं आम्लाच्या नळ्या धुतलेल्या, ते सगळं तिथं दिसत होतं. मी विचारलं, यंत्र बसवलं तेव्हा तुमचं बोट कसं नोंदवलं?

"लई येळ लागला. एक बोट घीना, दुसरं घीना. मग तो मानूस म्हनला, दाही ठिवा मामा, एखादं तरी लागंल. परत्येक बोट धा-धा डाव दाबलं."

आणि मला उलगडा झाला. बाकीच्यांची दोन बोटं नोंदवलेली, त्यांचा माल एका पुडक्यात बसायचा. मामांना यंत्र ओळखायचंच नाही, म्हणून ते दर वेळी नंबरावरून त्यांच्या दाही बोटांची सगळी नोंद एकदम माझ्या संगणकाकडं पाठवायचं, बघा बुवा यातलं कुठलं जुळतंय का म्हणून. एवढा गठ्ठा एका पुडक्यात कुठला मावतोय?

मी त्यांना खाली बसवलं. "मामा, दारातून कडब्याच्या पेंढ्या आत घ्यायच्यात. सगळ्यांची एकेक पेंढी. तुमची गाडीच भरून. दारावर एक राखण्या बसलाय, तो गाडी उतरवून बघतो आणि परत रचतो. रचताना त्याचाच पाय दोरीत अडकतो आणि तो पडतो. यात कडब्याचा काय दोष?"

"न्हाय काय."

"गाडीवानाचा?"

मामांनी विचार केला. "राखण्या कुनी ठिवला?"

"मी."

"व्हय का," ते म्हणाले, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मग नोटीस तुमाला पायजे हुती की."

मी म्हणाले, पाहिजेच होती.

दुरुस्ती म्हणजे नवा गाभा बसवणं. तो नेटवरून उतरवायचा, आणि नेट त्या सर्व्हरमधूनच यायचं, अर्ध्यात पडला तर सगळं वाया. म्हणून मी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून मोबाइलवर तो उतरवला, कारण शाळेत रेंज तेवढ्या एका पायरीवर धरायची. दीड तास लागला. खाली आले, बसवला, सर्व्हर उठला.

आता चाचणी. सरांनी प्रार्थनेनंतर सगळ्या स्टाफला व्हरांड्यात बोलावलं. शास्त्रीय कामाला साक्षीदार असावेत असं त्यांचं म्हणणं. हेडक्लार्क वही घेऊन उभे. माझ्या वर्गातली मुलं खिडकीच्या गजांना लटकलेली. फक्त मामा येईनात. मी प्रयोगशाळेत गेले.

"समद्यांसमोर पडला म्हंजे?" ते म्हणाले.

"पडला तर सरांना सांगीन, ब्रिज माझा आहे, पहारा माझा आहे. नोटीस मला द्या."

"लेखी?"

"लेखी. मराठीत."

मामा आले. मोजा काढून खिशात घातला. यंत्रावर नंबर दाबला, अंगठा ठेवला. व्हरांड्यात ओढ्यापलीकडची पिठाची गिरणी ऐकू येत होती. यंत्रानं जरा वेळ घेतला, आणि गोड आवाजात सांगितलं, "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

मामांनी पुन्हा ठेवला. कृपया पुन्हा प्रयत्न करा. तिसरं बोट, चौथं बोट. खिडकीतून माझ्या वर्गातलं कुणीतरी अगदी निराश आवाजात ओरडलं, "बाई, पडंना!" त्यांचा रोजचा मोकळा तास गेला होता.

"यंत्रानं मला वळकलं न्हाय," मामा सरांना म्हणाले.

"नाही ओळखलं."

"पन सर्व्हर पडला न्हाय."

"नाही पडला," सर म्हणाले, आणि एकदम टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच वाजवायला लागले. एका माणसाची हजेरी लागत नाही म्हणून पूर्ण स्टाफनं टाळ्या वाजवलेल्या मी तेवढ्याच पाहिल्या. मामांपुरतं जुनं मस्टर पुन्हा काढायचं ठरलं, शाईची सही.

नोटीस मात्र फाइलीत होती, आणि फाइल बंद करायला कागद लागतो. सरांनी मला दाखला लिहायला सांगितला. मी लिहिला, की सदर कर्मचाऱ्याचा उजव्या हाताचा अंगठा निर्दोष असून त्यापासून कोणत्याही यंत्रास, व्यक्तीस अथवा जनावरास अपाय संभवत नाही. जनावरास हा शब्द मी मुद्दाम घातला. हेडक्लार्क साहेबांनी त्याला जावक क्रमांक दिला, शिक्का मारला आणि एक प्रत मामांना दिली.

मामांनी ती उभ्या उभ्या दोनदा वाचली. मग माझ्यापुढं धरली.

"डाव्याचं लिवलं न्हाय, बाई."

मी परत बसले आणि डाव्याचंही लिहिलं. ती प्रत घडी घालून त्यांनी टोपीत ठेवली, घरी दाखवायला. संध्याकाळपर्यंत ते नळ्या धूत होते. किती जोरजोरात घासत होते कोण जाणे, त्या दिवशी त्यांच्या हातून दोन फुटल्या. मॅडमनी काचा झाडून घेतल्या आणि कपाटातून दोन नव्या काढून दिल्या.