आधी पाटी, मग टॉवेल

इंदापुरात तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोक झेरॉक्स काढून घेतात, पैसे देतात आणि मग हळूच विचारतात, "ताई, ह्यात काय लिवलंय?" कागद मराठीतच असतो. 'लाभार्थ्यांनी आवश्यक कागदपत्रांच्या साक्षांकित प्रतींसह समक्ष उपस्थित राहावे.' मी म्हणते, "आधार कार्ड घ्या, फोटो घ्या आणि स्वतः या." संपलं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. रोज एसटीनं बारामतीला जाऊन येऊन बी. ए. केलं. त्यामुळं मराठी कागद सोप्या मराठीत आणायचं हे काम मी जरा तोऱ्यातच करते.

तो तोरा उतरवला माझ्या थोरल्या भावानं.

दादा कऱ्हाटीत आई-तात्यांजवळ असतो. त्याला गोष्टी समजायला वेळ लागतो. सर्टिफिकेटवर त्याला 'बौद्धिक दिव्यांग' म्हटलंय, गावात 'भोळा' म्हणतात आणि घरात सगळेच दादा म्हणतात. शेरडं तो सांभाळतो. कुठलं शेरडू आज कमी खाल्लंय, हे त्याला न बघता कळतं. अक्षरं मात्र जरा ओळीनं आली, की त्याच्यापुढं गर्दी करतात.

माझ्या लेकीचं जावळ ठरलं. बाळाचे पहिले केस काढताना त्याला मामाच्या मांडीवर बसवायचं, अशी आमच्यात रीत आहे. दादानं हे ऐकलं आणि सगळ्या आळीला सांगून आला, "मी मामा हाय. माझ्याबिगर न्हाय व्हायचं." पण त्याला घेऊन येणार कोण? आई माझ्याकडं आली होती आणि नेमकी त्याच आठवड्यात तात्यांच्या उसाला तोड येणार होती. तोडणाऱ्यांची टोळी फडात उतरली, की मालकाला बांध सोडता येत नाही.

तात्यांशी फोनवर हे बोलणं चाललं होतं. माझ्या सासूबाई मागून म्हणाल्या, "त्यात काय एवढं? चुलतमामा भवानीनगरात हाय. त्याला बसवू मांडीवर."

फोन स्पीकरवर होता. तिकडून दादाचा आवाज आला, "चुलत कशाला? मी येतो की. एकटा."

दादा कधी एकटा एसटीत बसला नव्हता. बसायला अवघड नव्हतं, अवघड होतं ते बारामतीला गाडी बदलणं.

मी म्हटलं, शिकवू. आदल्या रविवारी कऱ्हाटीला गेले. जाताना एक पानभर सूचना छापून, लॅमिनेट करून नेल्या. 'बारामती बसस्थानकावर उतरल्यानंतर इंदापूरकडे जाणाऱ्या गाडीची चौकशी करून, गाडी फलाटावर लागल्यावर...' दादानं ते पान दोन्ही हातांनी धरलं, उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाला, "लय भारी लिवलंय, बाय." मग घडी घालायला गेला. लॅमिनेटची घडी होईना, तेव्हा शर्टाच्या आत पोटाशी ठेवलं. तिथंच ते राहिलं.

मग सराव म्हणून आम्ही दोघं एसटीनं बारामतीला उतरलो. मी मागं थांबले. म्हटलं, बघू काय करतो. एक गाडी फलाटावर येताना दिसली आणि दादा सुटला धावत. गाडी थांबायच्या आत खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं खिडकीतून आत टाकला आणि माझ्याकडं वळून ओरडला, "जागा धरली!"

यात त्याचं काही चुकलं नव्हतं. तात्यांनी आयुष्यभर आम्हाला हेच दाखवलं होतं. एसटी आली की आधी टॉवेल टाकायचा, गाडी कुठली ते मागून बघायचं.

"अरं दादा, ही भिगवणची हाय!"

"असू दे की. खिडकीची जागा हाय."

तेवढ्यात गाडी हलली. टॉवेल निघाला भिगवणला. आम्ही दोघं मागं पळतोय, दादा ओरडतोय, "टावेल माझा! टावेल माझा!" शेवटी आतल्या एका मावशीनं तो बाहेर भिरकावला आणि म्हणाली, "घ्या बाबा, तुमचं राज्य!"

नंतर चहा घेत आम्ही बाकड्यावर बसलो. मी विचारलं, "पाटी बघितली न्हाईस का?"

"बघितली. तिच्यावर लय गावं हायती. समदी एकदम बोलत्यात. त्या भोंग्यातल्या बाईगत."

भोंग्यातून खरोखरच एक बाई घाईघाईनं गावं सांगत होती. इतकी वर्षं मी याच स्टँडवर उभी राहिले होते, पण हा गलका मला कधी ऐकूच आला नव्हता. ते पानभर छापलेलं आठवलं. माझीसुद्धा सगळी वाक्यं एकदम बोलत होती.

मग मी उठले आणि लागलेल्या इंदापूर गाडीच्या पाटीचा फोटो काढला. दुकानात येऊन कार्डं केली. एका कार्डावर एकच गोष्ट. इंटरनेटवरून बसचं छान चित्र घेतलं होतं, ते दादानं व्हिडिओ कॉलवर पहिल्या फटक्यात बाद केलं. "ही शाळंची गाडी हाय." मग खऱ्या लाल गाडीचा फोटो घातला. पाटीचं कार्ड: 'ही पाटी बघ.' सीटवरच्या टॉवेलचं कार्ड: 'मग टॉवेल टाक.' शेवटच्या कार्डावर इंदापूर स्टँडवर उभी असलेली मी: 'इथं उतर.' कुणाला दाखवायची वेळ आली तर म्हणून मागं माझा नंबर. भोक पाडून दोरी ओवली आणि तोडीआधी तात्यांच्या हातात नेऊन दिली. दादा म्हणाला, "गळ्यात न्हाय घालणार. मी शेरडू हाय का?" दोरी काढली. कार्डं वरच्या खिशात गेली.

जावळाच्या सकाळी तात्यांनी त्याला कऱ्हाटीतून गाडीत बसवलं आणि ते फडात गेले. मी इंदापूरच्या स्टँडवर, फोटोतल्याच जागी, फोटोतलीच साडी नेसून उभी राहिले. बारामतीहून सोलापूरची गाडी आली. उतरणारी सगळी उतरली, दादा नाही. घरून आईचा फोन, न्हावी येऊन बसलाय. मग सासूबाईंचा, "चुलतमामा आलाय. बसवू का?" मी म्हटलं, "थांबा." आवाज जरा चढलाच. दादाला एकट्याला बोलावून मी काय करून बसले, असं मनात येत होतं. माझ्या कार्डांच्या भरवशावर मी एक माणूस एकटा सोडला होता.

तासाभरानं इंदापूर गाडी लागली. पहिल्याच खिडकीत दादा. मांडीवर टॉवेल, हातात पाटीचं कार्ड.

कंडक्टर उतरता उतरता म्हणाले, "ताई, ह्यो पाव्हणा तुमचा का? आमच्या म्होरं सोलापूर गाडी लागली हुती. समदी सांगत हुती, बस की, इंदापूरवरनंच जाती. न्हायच बसला. म्हनला, पाटी येगळी हाय."

मी दादाला म्हटलं, "अरं, तीबी चालली असती. तुला अजून एक कार्ड करून देते, सोलापूरच्या पाटीचं."

दादानं विचार केला. "नको. पुन्यांदा गलका हुईल."

घरी सगळे ताटकळले होते. चुलतमामा हसत उठला आणि म्हणाला, "या मामासाहेब, तुमची जागा कुनी घेत न्हाय." दादा पाटावर बसला, मांडी घातली, टॉवेल झटकला आणि नीट चारी कोपरे ओढून स्वतःच्या मांडीवर पसरला. न्हाव्यानं वस्तरा उचलला, तर त्याला हातानंच थांबवलं. आधी माझ्या लेकीच्या तोंडाकडं निरखून बघितलं, पाटी बघावी तसं.

"हीच," तो म्हणाला. "दे हिकडं. जागा धरली हाय."