दुसऱ्या रांगेतली खुंटी

आमच्या सासऱ्यांइतका उद्याची काळजी करणारा माणूस अख्ख्या मध्यप्रांत-वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. फक्त ही काळजी शेताची नसे, लेकीच्या लग्नाची नसे की स्वतःच्या म्हातारपणाची नसे. गावच्या हॉकी टीमचा राइट हाफ अजून किती वर्षं पळेल आणि तो थकला की त्याच्या जागी कोण, या एका प्रश्नानं त्यांचे केस पांढरे केले होते. आता कोणी म्हणेल, जळगाव जामोदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात कपाशी सोडून हॉकी कुठून आली? मलाही ते कधी कळलं नाही. मी तिथल्या टपाल कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा गावानं जिल्ह्याचा कप लागोपाठ तीन वर्षं जिंकलेला होता आणि चहावालासुद्धा कप पुढे करता करता गिऱ्हाइकाला लेफ्ट इनची तब्येत विचारत होता.

सासरे तसे शेतीवाडीवाले मोठे कास्तकार. पांढरं धोतर, काळी टोपी आणि बाराही महिने बगलेत छत्री. त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर सागाच्या खुंट्यांच्या तीन रांगा होत्या, एकेका रांगेत अकरा. सगळ्यांत वरच्या रांगेत खेळणाऱ्या अकरा जणांच्या काठ्या. दुसऱ्या रांगेत, वरचा कोणी गळाला तर त्याच्या जागी जाणाऱ्यांच्या. तिसऱ्या रांगेत ज्यांच्याकडून नुसती आशा होती, त्यांच्या. त्या काळी एकदा सामना सुरू झाला की बदली गडी घेता येत नसे; कोणाचा पाय मोडला तर उरलेल्या दहांनी खेळायचं. त्यामुळे सासऱ्यांची काळजी चालू सामन्याची नसायचीच. ती पुढच्या सामन्याची, पुढच्या सालाची. तिसरा कप आला त्या दिवशी म्हणे सारं गाव लेझीम खेळत होतं आणि हे एकटे ओसरीत बसून दुसऱ्या रांगेकडे बघत होते. कोणीतरी पेढा पुढे केला तर म्हणाले, "अकरा तं हायेत हो. बारावा कुठी हाय?"

"ही टीम अजून किती साल पुरन?" हा प्रश्न ते कोणालाही विचारत. तहसीलदाराला विचारला, देवी टोचायला आलेल्या डॉक्टरला विचारला, एकदा कीर्तन संपल्यावर बुवांच्या पाया पडता पडता विचारला. बुवा म्हणाले, "सर्व त्याच्या हाती." त्यावर सासऱ्यांनी खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, "पण तो फुलबॅक देईन काय?" चेष्टा नव्हती हो ती! त्यांना उत्तर हवं होतं. तुम्ही काहीही सांगा, ते मान तिरपी करून ऐकत, "असं म्हणता?" म्हणत, आणि रात्रभर त्यावर विचार करून सकाळी तुमच्या दारात हजर होत.

माणूस दिसला की त्यांची नजर तोंडाकडे न जाता आधी मनगटाकडे आणि मग घोट्याकडे जाई. लग्नात अक्षता टाकताना ते नवरदेवाची चाल पाहत. बाजारात कोणी घसरतं पोतं वरच्या वर पेललं की झालं, त्याच्या मागे लागले. एकदा नात्यातल्या एका घरी दुखवट्याला गेले. सगळे खाली मान घालून बसलेले. अशात वारलेल्याचा पुतण्या डाव्या हातानं पाण्याचा तांब्या घेऊन आला. यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की घरच्यांना वाटलं, केवढा जीव होता यांचा आमच्या माणसावर! बाहेर आल्यावर मला म्हणाले, "डावखुरा निंघाला बावा. हॉकीची काठी तं उजव्याच हाताची बनते. एवढं मनगट वाया गेलं."

बदली, परगावचं लग्न आणि पलटणीतली भरती हे त्यांचे तीन वैरी. लेफ्ट इनच्या बदलीचा हुकूम आला तेव्हा हे छत्री घेऊन थेट कलेक्टरसाहेबाच्या बंगल्यावर गेले होते. दोन फॉरवर्ड परगावच्या मुली बघून राहिलेत असं कळताच त्यांनी आठवड्याभरात दोघांसाठी गावातल्याच मुली शोधल्या. सासुरवाडी गावात असली की माणूस सणासुदीलाही बाहेर जात नाही, असा त्यांचा हिशेब. जोड्या चांगल्या निघाल्या, हे त्या मुलींचं नशीब.

माझं लग्नही ह्याच खात्यात जमलं. एका सकाळी टपालाची थैली द्यायची राहिली आणि मोटार सुटली. मी थैली घेऊन मागे धावलो. वाटेत दोन बैल, शेंगांची गाडी आणि डोक्यावर दोन घागरी घेतलेली एक बाई, सगळ्यांना चुकवून मोटार गाठली. संध्याकाळी सासरे कचेरीत आले, एक कार्ड मागितलं आणि खिडकीतूनच विचारू लागले, "कुठचे तुमी? लग्न झालं काय? घोटा कधी मोडला होता काय?" तिन्हींची उत्तरं पसंत पडली. मग चौथा प्रश्न, "हॉकी खेळता?"

आता खरं सांगतो. मी जन्मात हॉकीच्या काठीला हात लावलेला नव्हता. पण त्यांची लेक शांता परगावच्या भावाच्या पत्राची चौकशी करायला दर आठवड्याला त्याच खिडकीशी येत होती, आणि पत्र नसलं की मलाच तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. मी म्हणालो, "हो, खेळतो की!" महिन्याभरात लग्न लागलं आणि हळदीच्या अंगानं मला तिसऱ्या रांगेत एक खुंटी मिळाली.

आठव्या दिवशी मी शांताला खरं सांगून टाकलं. ती हसून हसून खाली बसली. मग एकदम गंभीर झाली. "बाबाले नका सांगू. त्यांच्या जिवाले लागन." दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणात, पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीआड, तिनं मला चिंध्यांच्या चेंडूवर शिकवायला घेतलं. त्या घरात वाढलेली पोरगी, तिला सगळं येत होतं. "डावा हात वर धरा. वर म्हनलं ना! लाटणं हाय काय ते?" असं ती खेकसायची. मैदानावर मात्र मी जायचं टाळत असे. आज पार्सलांचा दिवस, उद्या कणकण, परवा पाय मुरगळला. सासरे मान तिरपी करून ऐकत आणि म्हणत, "असं म्हणता?"

चौथा कप आला, पाचवाही आला. पण तोवर महायुद्ध सुरू झालं होतं. दोघे पलटणीत गेले, एक नागपूरला मोटार चालवायला गेला, लेफ्ट इनची बदली शेवटी झालीच. कॅप्टन रहीमभाई, धंद्यानं रंगारी, कोपरापर्यंत हात निळे, त्यांचा गुडघा कुरकुरू लागला. तिसरी रांग रिकामी झाली. एक दिवस बघतो तर माझी काठी दुसऱ्या रांगेत, राइट हाफच्या बरोबर खाली! त्याच सुमारास मला बढती मिळून वर्ध्याला बदलीचा हुकूम आला होता. सुटायची आयती वाट होती. पण ओसरीतली ती ओस पडलेली भिंत बघून माझा पाय निघेना. मी बढती नको म्हणून लिहून दिलं आणि घरात कोणालाच सांगितलं नाही.

सहाव्या वर्षी बुलढाण्याला फायनल, आणि सकाळी राइट हाफ तापानं फणफणला. नागपूरचा एक नावाजलेला खेळाडू तिथे पाहुणा आला होता, एका सामन्यापुरता खेळायलाही तयार होता. रहीमभाईंनी सासऱ्यांना हात जोडले, "दाजी, घेऊन घ्या त्याले. कप आपला हाय."

सासरे म्हणाले, "आज खेळन, उद्या जाईन. मंग ती खुंटी कोनाची?" आणि काठी माझ्या हातात दिली. मी कबुली द्यायला तोंड उघडलं तर म्हणाले, "बोलू नका. खेळाच्या आधी बोललं तं दम जाते."

काय सांगू! रहीमभाई दुखऱ्या गुडघ्यानं दोघांची जागा सांभाळत होते आणि ओरडत होते, "जवाईबापू, तुमी फकत उभे राहा!" मी उभा राहिलो. चेंडू माझ्या काठीला एकदा लागला, तोही चुकून. आम्ही एका गोलानं हरलो आणि तो गोल माझ्या बाजूनं आला.

दुसऱ्या दिवशी परत येताना मोटार राजूरचा घाट उतरत होती. पाच वर्षं मांडीवर बसून गावी आलेला कप यंदा नव्हता, म्हणून सासऱ्यांनी मांडीवर छत्री धरली होती. मला राहवेना. म्हणालो, "मामाजी, मी खोटं बोललो होतो. मला हॉकी येत नव्हती. आजही येत नाही."

"हाव, मले ठाव हाय," ते म्हणाले. "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तुमी काठी छत्रीवानी धरली होती."

"मग माझी काठी वर काऊन नेली?" त्यांच्या सहवासानं माझ्याही तोंडी 'का'चं 'काऊन' झालं होतं.

त्यांनी छत्री या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "पोस्टमास्तरनं सांगतलं मले, तुमी वर्ध्याची बढती सोडली थे. चांगले चांगले गेले बावा, मी एकालेही थांबवू शकलो नाही. तुमी न सांगता थांबले." मग थोड्या वेळानं, अगदी पहिल्या दिवसाच्या कुतूहलानं, "पण काय हो जवाईबापू, पाच साल पुरली ना आपली टीम? एवढ्याशा गावाची?"

"पुरली, मामाजी," मी म्हणालो.

त्यानंतर कप कधी गावात आला नाही. पुढे सासरेही गेले. ओसरीतल्या खुंट्यांवर आता टोप्या, पंचे आणि नातवंडांची दप्तरं लटकतात. दुसऱ्या रांगेतली माझी काठी मात्र कोणी खाली काढत नाही. परवा कचेरीत माझ्या खिडकीशी तहसिलीतला एक पोरगेलासा कारकून धापा टाकत आला, सुटलेली मोटार धावत गाठून आला होता म्हणे. त्याला टपालाचं तिकीट देता देता मी विचारून बसलो, "काय हो, घोटा कधी मोडला होता काय?"