ढोलवालीचा डावा कान

थोरलीचा डावा कान अधू होतोय, ही धास्ती आईच्या मनातून जाता जात नव्हती. थोरली हल्ली फोन उजव्याच कानाला लावायची आणि डावीकडे बसलेल्या धाकटीला सगळ्याचं उत्तर "हं" एवढंच द्यायची.

थोरली बसच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं दुरुस्त करायची आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्याला ढोल वाजवायची. सामना मात्र तिला दिसायचाच नाही. ढोलवाल्याने मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करायचं, अशी तिथली रीत. गोल झालेला तिला समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून कळायचा. तिच्यासमोर वरच्या पायरीवर भोंगेवाला. तो मैदानावर नजर ठेवून लांबलचक प्लॅस्टिकचा भोंगा तिच्या डाव्या खांद्यावरून फुंकायचा, की ही ठेका धरायची.

परवा वर्कशॉपमध्ये डावीकडून एक बस मागे येत होती. लोक ओरडत होते, हिला पत्ताच नाही. फोरमनने दंड धरून ओढलं म्हणून वाचली. आईला हे कळलं ते फोरमनच्या बायकोकडून, बाजारात.

"अगं, बस अगदी हळू येत होती," थोरली म्हणाली.

"हळू आलेली बस काय गुदगुल्या करते?"

धाकटी फिसकन हसली.

"कानात बोळे तरी घाल."

"मग भोंगा कळत नाही, आई. ठेका चुकला की सगळे प्रेक्षक माझी सालटी काढतात."

"डॉक्टरकडे चल."

"तो म्हणणार, ढोल बंद. मग सुट्टीला काय तुझ्याबरोबर कपाटं आवरू?"

एवढं बोलून ती कामावर गेली.

ढोल बंद व्हावा असं आईलाही वाटत नव्हतं. ती एकदा सामन्याला जाऊन आली होती. घरात विचारल्याशिवाय न बोलणारी पोर तिथे शेकडो लोकांना आपल्या तालावर नाचवत होती. भोंगा मात्र कानाशीच हवा असं थोडंच आहे? भोंगेवाल्याचा एक हात तर मोकळाच असतो. त्याने चार पायऱ्या वर जाऊन फुंकण्याआधी हात उंचावला, तर बोळे घालूनही हिला इशारा दिसेल. आणि डॉक्टरचं त्याने सांगितलं तर ऐकेलही. आईचं ती ऐकत नव्हती.

परस्पर फोन केल्याचं कळलं की थोरली तोंड फुगवून बसणार. बसू दे, फुगलेल्या तोंडाने का होईना, धडधाकट घरी येईल.

आईने भोंगेवाल्याचा नंबर लावला.