डाव्या बोटावरचा बिबा

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी काकूने मोठ्या मायच्या बोटाला बिबा लावला, आणि मला ते तेव्हाच खटकलं होतं.

मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा गेल्यापासून तलावाखालची शेवटची बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, तीच कसते. काकू आमची शेजारीण. तिची बांधी तलावाला लागून, म्हणजे पहिली. तलावाचं पाणी सोडायचं दार, आमच्याकडे त्याला तुडूम म्हणतात, ते ग्रामपंचायतीच्या ताब्यात आणि ग्रामपंचायत कित्येक वर्षं काकूच्या घरच्या पॅनेलच्या ताब्यात. त्यामुळे पहिल्या बांधीत पाणी तुंबलेलं असायचं आणि शेवटच्या बांधीला भेगा पडायच्या. या खेपेस आमच्या वॉर्डात त्या पॅनेलसमोर एक बाई उभी होती. पाण्याची पाळी लावीन, शेवटच्या बांधीपासून सुरुवात करीन, असं तिने चारचौघांत कबूल केलं होतं. वॉर्ड एवढासा. कोणाचं मत कुठे जाणार हे लोक घरावरून सांगत.

माझं पहिलंच मतदान होतं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी रांगत होते. त्या सगळ्या काळातली पत्रकं बाबांनी खोक्यांत भरून ठेवली आहेत आणि बाराखडीनंतर मी वाचलं ते पत्रकच. या निवडणुकीत मी स्वतः एक लिहिलं. ‘तुमचं मत गुप्त आहे. नवरा, भाऊ, पुढारी, शेजारी, कोणालाही ते सांगायला तुम्ही बांधील नाही.’ मोठ्या मायला वाचता येत नाही, म्हणून अंगणात बसून तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती धान पाखडत ऐकत राहिली.

धानाची कापणी जोरात होती. कापताना डाव्या मुठीत धानाची ताटं आणि उजव्या हातात विळा, त्यामुळे काय लागायचं ते डाव्या हातालाच लागतं. धुऱ्यावरच्या, शेताच्या कडेच्या बाभळीचा काटा मोठ्या मायच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात, नखाच्या कडेला, खोल गेला. काटा निघाला पण ठणका राहिला. काकू आपणहून घरून बिबा आणि दिवा घेऊन आली. दाभणात खुपसून तो दिव्यावर धरला, आणि तेल सुटल्याबरोबर बोटाला चटका दिला. नखाशेजारी काळा डाग उमटला.

“काकू, उद्या मतदान हाय. शाई लावतात तेच बोट व्हय हे,” मी म्हटलं.

“शाई का बिब्याले भेते वो?” काकू हसली. मोठी मायही हसली. मी नाही हसले. काकूचा थोरला लेक त्यांच्या पॅनेलचा पोलिंग एजंट होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शाळेत गेलो. बायकांच्या रांगेत मोठी माय माझ्या पुढे, काकू थोडी मागे. मला त्या दिवशी प्रत्येक गोष्टीत संशयाचा वास येत होता. शाळेच्या फाटकाबाहेर पाण्याचा ग्लास पुढे करणारा माणूस कोणाचा, तो बायकांना नमस्कार एवढा वाकून कायले करतो, मोटारसायकलवर म्हाताऱ्यांना आणून कोण सोडतंय. मी सगळं डोळ्यांत साठवत होते, कधी ना कधी लिहीन म्हणून.

आत मोठ्या मायचं नाव पुकारलं. शाई लावणाऱ्या बाईने तिचा हात हातात घेतला, तेवढ्यात बाकावरून काकूचा लेक उठला.

“थांबा जी सायेब. बोट पाहा तिचं. मोठे माय, राग नको मानू, पण नियम हाय.”

केंद्राध्यक्ष लाखनीकडचे मास्तर होते. सकाळपासून खुर्चीत बसून आंबले होते. त्यांनी चष्मा वर केला. “आजी, तुमचं मतदान झालं का?”

“झालं असतं त उन्हात कायले उभी राह्यली असती बाबू?”

“मग हे काळं काय आहे?”

“बिबा व्हय. काटा गेल्ता.”

“सायेब, बिबा म्हणते,” काकूचा लेक म्हणाला, “पण तिचं नाव माहेराकडं, अड्याळच्या बाजूलेबी हाय. तिकडंबी आजच मतदान हाय. सकाळच्या गाडीनं जाऊन आली असन.”

“मी?” मोठ्या मायने कमरेवर हात ठेवला. “काल दिवसभर धान कापलं, रात्री कंबर धरून निजली, अन् सकाळी अड्याळले जाऊन आली? कशी गेल्ती रे, तुह्या खांद्यावर बसून?”

रांग हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी नियमांची पुस्तिका चाळली. “बोटावर खूण असली तर मत देऊ देता येत नाही. तुम्ही जरा बाजूला बसा, पाहू.”

‘बाजूला बसा’ याचा अर्थ मला ठाऊक होता. पाच वाजतात, मशीन बंद होतं आणि बाजूला बसलेलं माणूस उठून घरी जातं. मी दारातूनच सुरू झाले. खूण शाईचीच आहे हे आधी सिद्ध करा, संशयावरून नागरिकाचा हक्क काढून घेता येत नाही, आरोप करणारा माणूस कोणत्या पॅनेलचा आहे ते विचारा.

“तुम्ही कोण? एजंट आहात?” मास्तरांनी विचारलं.

“मतदार आहे.”

“मग आपली पाळी येऊ द्या.”

काकूचा लेक गालात हसला. खोकंभर पत्रकांतली भाषा माझ्या तोंडात होती आणि तिथे तिला कोणी विचारत नव्हतं. मोठी माय भिंतीला टेकून खाली बसली. डावा हात तिने पदराखाली घेतला होता, जणू खरंच काही चोरलं होतं.

मी वळून काकूकडे पाहिलं. ती पायांकडे बघत उभी होती.

मग माझ्या मागच्या एका बाईने लुगडं वर खोचलं आणि सरळ दाराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला. “सायेब, हे पाहा माही टाच. रोवणीत चिखल्या झाल्या, मंग भेगा पडल्या, म्हणून बिबा लावला. मीनं पायानं मत देलं म्हणान का?”

“अन् माह्या तं दोन्ही पायाले हाय,” तिच्या मागची म्हणाली. “मीनं दोन मतं टाकली मंग. धाडा मले जेलात.”

टाचांवर टाचा पुढे आल्या. काळ्या, फुटलेल्या, बिब्याने डागलेल्या. पोलीससुद्धा तोंड फिरवून हसला. मास्तर खुर्चीतून उठले, उंबऱ्याशी वाकले, एक टाच नीट बघितली. मग मोठ्या मायपाशी जाऊन तिचं बोट बघितलं. शाईने कातडी भाजत नाही. हिची फुगली होती.

“बिबाच आहे,” ते म्हणाले.

आणि तेव्हा, सगळं ठरल्यावर, काकूचा आवाज आला. “मीच लावला तो बिबा. कायले अडवून राह्यला रे तिले?”

“माय, तू चूप राह्य.”

“घरी ये, मंग पाहू कोण चूप राह्यते.”

माय-लेकाचं हे भांडण खरं होतं की खेळ, मला आजही सांगता येणार नाही. बोलायचंच होतं तर काकू इतका वेळ का थांबली? आणि त्याला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर बिबा आणि दिवा दोन्ही त्यांच्याच घरून आले होते.

मास्तरांनी शेजारच्या बोटाला शाई लावायला सांगितली. मोठी माय पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मशीन वाजलं.

घरी येताना मी विचारलं, “कोणाले देलं?”

“बटनाले,” ती म्हणाली.

संध्याकाळी काकू कांद्याची भाजी घेऊन आली. दोघी ओट्यावर बसून टाचांचीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत हसत होत्या. निकाल लागला. आमच्या वॉर्डातून काकूच्याच पॅनेलचा माणूस निवडून आला, तोही थोडक्या मतांनी.

पुढच्या वर्षी ऐन रोवणीत पावसाने ओढ दिली. तुडूम उघडलं आणि पाणी पहिल्या बांधीत न थांबता खाली आलं, मोठ्या मायच्या बांधीपर्यंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या घेऊन बांधीत उतरले तेव्हा ती घोटाभर चिखलात वाकून रोवत होती.

“मोठे माय, खरं सांग. तू मत त्यांले देलं का? पाण्यासाठी?”

ती उभी राहिली. पाठीवर हात ठेवून तिने कंबर मोकळी केली.

“तुह्या कागदावर का लिवलं होतं?”

“कोणता कागद?”

“अंगणात वाचला होता तू. नवरा, भाऊ, पुढारी, शेजारी. कोणालेच सांगू नको म्हणून.”

“त्याच्यात मी नव्हते.”

“नव्हती कशी? कोणालेच, असंच वाचलं होतं तू. मले पाठ हाय.” तिने हात पुढे केला. बोटावरचा बिब्याचा डाग केव्हाच गेला होता. “पऱ्हे दे इकडं. ऊन चढून राह्यलं.”

मी पऱ्ह्यांची जुडी सोडून तिच्या हातात दिली.