चार इंच उतरलेलं छत

काचमामांना कुणाच्याही घरी घेऊन जाऊ नये, असं त्यांच्या बायकोचं स्पष्ट मत आहे. हा माणूस दारात चपला काढतो आणि ‘कसे आहात’ विचारण्याआधी खिडकीपाशी जाऊन काचेवर टिचकी मारतो. मग मान हलवतो. रोग्याच्या नातेवाइकांसमोर डॉक्टरनं हलवावी तशी ती मान असते. त्यानंतर यजमानांचं गप्पांत लक्ष लागत नाही.

एकसष्ट वर्षांच्या आयुष्यातली पंचेचाळीस मामांनी काचेत घालवली. आरसे, तसबिरी, टेबलावरच्या काचा, दुकानांची शोकेसं. उजव्या हाताच्या दोन बोटांवर लांबलचक व्रण आहेत आणि ते कसे झाले याची दर वेळी वेगळी हकिकत आहे. मोजायच्या टेपवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. “टेप ओढणाऱ्याच्या मनासारखं बोलतो,” म्हणतात. आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा, जागेवर बसवायचा, आणि तो जराही हलला नाही तरच काचेला हात लावायचा. तुम्ही साधी फळीची काच मागा, मामा पुठ्ठा काखेत मारून घरी हजर. घरात खिडक्या असतातच, तेव्हा टिचक्याही आल्याच.

अशा माणसाकडे आयुष्यातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक आलं ते घरातूनच. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्यांचे भावोजी. निवृत्त कंपाउंडर. आयुष्यभर गोळ्या मोजून पुड्या बांधणाऱ्या या शांत गृहस्थांच्या शेडमध्ये साठ वर्षांची एक मोटार एकोणीस वर्षं विटांवर उभी होती. इंजीन त्यांनी जिद्दीनं जिवंत ठेवलं होतं. मग कुठल्याशा मासिकात त्यांना छत खाली घेतलेल्या जुन्या गाडीचा फोटो दिसला आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी भावोजी प्रेमात पडले. ओळखीचा डेंटर बोलावला. त्यानं छताचे खांब कापले, चार इंच काढून टाकले आणि छत पुन्हा जोडून दिलं. गाडी टोपी कपाळावर ओढून बसलेल्या माणसासारखी ऐटबाज दिसायला लागली. मग दोघांनी काचा बसवायला घेतल्या. गाडी चार इंच बुटकी झाली होती. काचांना कुणी कळवलं नव्हतं.

भावोजींच्या बायकोला, म्हणजे ताईंना, शेड हवी होती. शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम वाढलेलं, तीन मशिनी झोपायच्या खोलीत, भावोजी दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यांमध्ये अंग चोरून झोपायचे. सोमवारी ताईंनी निकाल दिला.

“रविवारी दुपारी बारापर्यंत काचांसकट रस्त्यावर चालली, तर अंगणात ताडपत्रीखाली ठेवा. मी शब्द काढणार नाही. नाही चालली, तर भंगारवाला येतोय. मी बोललेय त्याच्याशी.”

भावोजी तडक मामांच्या दुकानात.

“मामा, नव्या काचा मागवू या का?”

“परदेशातून येतील. तेवढ्या पैशांत दुसरी गाडी येईल.”

“बनवून घेतल्या तर?”

“कारखानेवाला म्हणतो, निदान दहा जोड घ्या. आणखी नऊ जणांची छतं कापायला तयार आहात का?”

“मग प्लॅस्टिकच्या?”

“दारांना चालतील, पण वर्षात चरे पडून धुकं होतं. आणि पुढे वायपर फिरला की संपलंच.”

“अहो, मग आहेत त्याच कापा ना!”

मामांनी मग शिकवणी घेतली. पुढची काच मधल्या पट्टीनं विभागलेली, दोन सपाट तुकड्यांची. प्रत्येक तुकड्यात काचेचे दोन पापुद्रे आणि मध्ये प्लॅस्टिकचा पडदा. ती कापता येते. दारांच्या आणि मागच्या काचा मात्र भट्टीत तापवून कडक केलेल्या. त्यांना काच कापायची हिरकणी लावली की साखरेसारखा भुगा. म्हणून दारांना दुसऱ्या काचा कापायच्या आणि मागची आहे तशीच ठेवून तिच्यासाठी पत्र्यातलं भोक खाली वाढवायचं, असं ठरलं.

भावोजींनी मान डोलावली. पण पंचेचाळीस वर्षांचा कारागीर नाही म्हणतो तो आपला भाव वाढवायला, असं त्यांना मनातून वाटलं असावं. कारण बुधवारी मामा दारांचे फर्मे कापत असताना त्यांनी हळूच हिरकणी उचलली आणि गाडीमागे टेकवून ठेवलेल्या मागच्या काचेवर एक रेघ ओढली. मग कडेला जरासा दाब दिला.

आवाज फटाक्यासारखा झाला. मागची बाकदार काच, गावात दुसरी नसलेली, शेडभर खडीसाखर होऊन पसरली. भावोजींच्या हातात हिरकणी तशीच.

बहिणीच्या नवऱ्याला बोलायची सोय नाही. त्यामुळे मामा जे बोलले ते सगळं कोपऱ्यात पाणी पीत बसलेल्या डेंटरला बोलले. “अक्कल आहे का? एकदा सांगितलेलं कळत नाही? हात शिवशिवतात तर भाजी चिरायची!” डेंटरनं पेला खाली ठेवला आणि सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं. जुना माणूस, नात्यागोत्यातलं त्याला कळत होतं.

“मामा, आता?” भावोजी म्हणाले. “विकणार ती. खरंच विकणार.”

मामांनी त्या रिकाम्या भोकात पुठ्ठा धरून पाहिला. मग म्हणाले, “सराफाच्या दुकानाची कोपरा तडकलेली एक मोठी काच पडलीय माझ्याकडे. पडद्याची, सपाट. दारांच्या दोन त्यातून निघतील. आणि मागे तीन तुकडे जोडू. शोकेसला वळण कसं देतो आपण? सपाट तुकड्यांनीच.”

गुरुवारी फर्म्यांनी नवीनच भानगड उघड केली. उजवीकडचा पुठ्ठा डावीकडे बसेना. डावा खांब अर्धा इंच जास्त कापला गेला होता.

“मी टेपनं मोजलं होतं,” डेंटर म्हणाला.

मामांना इतका आनंद झालेला कुणी कधी पाहिला नव्हता. त्या भरात त्यांनी डेंटरला माफच करून टाकलं आणि प्रत्येक खिडकीचा वेगळा फर्मा केला. दुसऱ्या कुणी एका मापावर दोन्ही बाजू कापल्या असत्या तर रविवारी गाडी भंगारातच गेली असती.

शुक्रवारी पुढच्या काचा. इथे चूक झाली तर दुसरी संधी नव्हती. मामांनी भावोजींना पंधरा पावलं दूर, हात खिशात घालून उभं केलं. काचेच्या दोन्ही बाजूंनी रेघ, हलका दाब, दोन्ही पापुद्रे तडकल्याचा बारीक आवाज. मग रेघेवर स्पिरिटची धार आणि काडी. निळी ज्योत रेघेवरून धावली, मधला पडदा मऊ झाला आणि मामांनी त्यातून ब्लेड सरकवलं. चार इंचांची पट्टी हातात आली.

“निघाली?” भावोजींनी पंधरा पावलांवरून विचारलं.

“निघाली. अजून एक आहे. हात खिशातच ठेवा.”

शनिवार रबरं आणि चिकटपट्ट्यांत गेला. रविवारी साडेअकराला इंजिनानं दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा खोकलं आणि चालू झालं. भावोजी स्टिअरिंगला, मामा मागे शोकेसच्या काचेला पाठ न टेकता ताठ, आणि पुढे ताई. खात्री स्वतः केल्याशिवाय त्या ऐकणाऱ्या नव्हत्या.

“अहो, मला नुसती लोकांची पोटं दिसतायत.”

“गाडी कोपऱ्यापर्यंत गेली ना, ते बघ,” भावोजी म्हणाले.

“बाळ्या,” ताई मागे वळून मामांना म्हणाल्या, “ही डावीकडची काच बुटकी आहे रे.”

“ताई, काच बरोबर आहे. गाडी वाकडी आहे.”

गल्लीला वळसा घालून गाडी अंगणात आली तेव्हा बाराला दहा मिनिटं होती. ताई उतरल्या, कंबर सरळ केली, एकेक काच बोटानं ढकलून पाहिली. कुठलीच हलली नाही. मग त्यांनी पदरानं बोट पुसलं आणि फोन लावला.

“हॅलो, आज येऊ नका... हो, चालली... नाही हो, काचांसकट... तेच ना, मलाही नव्हतं वाटलं.”

भावोजींनी खिशातून हात काढले आणि ताईंची पहिली मशीन शेडमध्ये आणायला आत गेले.