पाचवीच्या संध्याकाळी निघालेली टोपी

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, एका गुरुवारी दिवेलागणीच्या सुमारास, नागपूरच्या एका खासगी रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता विभागात पाच दिवसांच्या मुलीच्या डोक्यावरची टोपी निघाली. ती कोणी काढली, हे अजून कळलेलं नाही.

घडलं ते एवढंच. कोणी दिसलं नाही, कसला आवाज आला नाही, दिवे गेले नाहीत. या सदरातले अनुभव मी वाचते आणि बहुतेक ठिकाणी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढते — कोणी पाहिलं? तेव्हा तिथे आणखी कोण होतं? बरीच वर्षं एका दैनिकात फोटोग्राफर होते, ती सवय जात नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही 'आहे' असं म्हणवत नाही. पण आपलंच लिहिलेलं तपासताना मला पेन्सिल कुठे टेकवावी हे कळत नाहीये... म्हणून पाठवते आहे.

दैनिकाचा फोटो विभाग बंद झाल्यापासून मी रुग्णालयात बाळांचे फोटो काढते. टोपलीत झोपवलेल्या, डोक्याला फुलं बांधलेल्या बाळांचे नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचे. आई बहुतेक वेळा दुसऱ्या मजल्यावर असते, नाही तर कुही-उमरेडकडच्या एखाद्या दवाखान्यात. तिने बाळ पाहिलेलं नसतं. फोटो तिच्यासाठी असतो. तो समोर ठेवून ती दूध काढते. त्याने दूध यायला मदत होते. काही घरांत मात्र बाळाचा म्हणून तेवढा एक फोटोच उरतो. कोणता फोटो तसा ठरणार, हे काढताना कळत नाही. त्यामुळे सगळे सारखेच नीट काढायचे. फ्लॅश नाही, बाळाला हात लावायचा नाही. काम संपवून घरी गेल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नाही. टीव्ही लावून बसते, काय चाललंय ते बघतही नाही.

ही मुलगी सातव्या महिन्यात झालेली, वजन किलोच्या थोडं वर. आई मयूरी — बाळंतपणात बीपी वाढून झटके आलेले, म्हणून खालच्या मजल्यावर आयसीयूत. वडील प्रशांत, विमा कंपनीत कारकून. आणि प्रशांतची आई. तिला सगळा मजला 'आजी' म्हणायचा. मूळचं घर उमरेडचं, विणकरांचं. हातमाग गेले, मुलाला नोकरी लागली, तेव्हापासून प्रताप नगरात राहतात.

टोपीबद्दल सांगणं भाग आहे. मुलगी सीपॅपवर होती. म्हणजे नाकात दोन बारीक नळ्या, त्यातून सतत दाबाने हवा. या नळ्या जागेवर राहाव्यात म्हणून वेल्क्रोच्या पट्ट्यांनी टोपीलाच बांधलेल्या असतात, आणि टोपी भुवयांपर्यंत ओढलेली असते. टोपी सरकली की नळ्या सरकतात. नळ्या सरकल्या की ऑक्सिजन उतरतो आणि मॉनिटर ओरडायला लागतो. ती बदलायला दोन सिस्टर लागतात. एक नळ्या धरते, दुसरी टोपी काढते.

बुधवारी मी फोटोची प्रिंट द्यायला गेले. आजी कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसली होती. तिने प्रिंट बराच वेळ पाहिली आणि परत माझ्या हातात दिली.

"कपाळ कुठं हाये वं हिचं?"

"टोपीखाली आहे, आजी."

"थे मलेई दिसते. काढ ना मंग टोपी."

"नाही काढता येत. श्वासाच्या नळ्या बांधल्यात त्याला."

"एक मिनिट काढ वं बाई. फोटो झाला का घाल परत. तुले का जड हाये?"

प्रशांत मध्ये पडला. "आई, मॅडमले काहून त्रास देऊन राहिली तू?"

"तू चूप बस. तुह्या पाचवीले तू घरात होता, म्हणून तोंड वर करून बोलून राहिला आज."

दुसऱ्या दिवशी पाचवी होती. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते, हे आपल्याकडे बहुतेक घरांत मानतात. बाळ घरी नाही, तर पाटावर त्याच्या जागी फोटो ठेवायचा, असं आजीने ठरवलं होतं.

"कपाळच झाकलेलं असन तं लिहीन कुठं थे?" तिने विचारलं. मी हसले नाही, कारण तीही हसत नव्हती. "माहं पह्यलं असंच गेलं. पाचवीच्या आंधीच. कोरं कपाळ घेऊन गेलं बापा... हिचं तसं नाही होऊ द्यायचं मले."

मी आत जाऊन शुभांगी सिस्टरना विचारलं. त्या या विभागात सगळ्यात जुन्या.

"मॅडम, तुम्ही पण? आजीचं समजू शकते मी. डॉक्टर मले कच्ची खातील ना!"

त्यांचं बरोबर होतं. मी बाहेर येऊन टोपीवालीच प्रिंट आजीच्या हातात ठेवली. जमलं नाही म्हटलं.

"ठीक हाये," आजी म्हणाली. "पाहीन मी." प्रिंट पदराखाली धरून ती लिफ्टकडे गेली.

गुरुवारी संध्याकाळी मी समोरच्या ओळीतल्या एका मुलाचा फोटो काढायला गेले होते. आत मोठी माणसं आम्ही दोघीच, मी आणि शुभांगी सिस्टर. दुसऱ्या सिस्टर बाजूच्या खोलीत दूध मोजत होत्या. उजेड कसा आहे हे पाहायला मी नेहमी आधी पूर्ण खोलीची एक फ्रेम घेते. ती घेतली. बॅटरी बदलली, लेन्स पुसली, आणि तशीच दुसरी घेतली.

या दोन्ही फ्रेम आजही माझ्याकडे आहेत. दोन्हींत शुभांगी सिस्टर बेसिनशी पाठमोऱ्या उभ्या आहेत, नळ सुरू आहे. दोन्हींत डाव्या कडेला मयूरीची मुलगी आहे. पहिल्या फ्रेममध्ये तिची टोपी भुवयांपर्यंत आहे. दुसरीत डोकं उघडं आहे.

काढताना माझ्या ते लक्षात आलं नाही. सिस्टर वळल्या आणि जागीच थांबल्या.

"मॅडम! हात लावला तुम्ही?"

"नाही."

"मग टोपी?"

टोपी मुलीच्या पायांशी होती. दुहेरी घडी केलेली. पट्ट्या सुटलेल्या, नळ्या मात्र नाकात होत्या तशाच. मॉनिटरवरचा आकडा उतरलेला नव्हता. अलार्म वाजला नव्हता. मुलगी झोपलेली. कपाळावर टोपीच्या कडेचा आडवा वळ, तो सगळ्याच बाळांच्या कपाळावर असतो.

"वेल्क्रो आहे ते, मॅडम," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "सोडलं तर चर्रकन आवाज येते. मी ऐकला नाही. तुम्ही ऐकला?"

मी ऐकला नव्हता. सिस्टरच्या हातांना कोपरापर्यंत साबण होता. त्यांनी हाक मारली, दुसऱ्या सिस्टर धावत आल्या आणि दोघींनी मिळून टोपी बांधली. हातात कॅमेरा असून तोवर मी जवळून एकही फोटो काढला नाही. दैनिकात असताना असं माझ्याकडून कधी झालं नव्हतं.

डॉक्टर आले. त्यांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दोन्ही फ्रेम पाहिल्या.

"वेल्क्रो जुनं झालं असेल."

"सर," शुभांगी सिस्टर म्हणाल्या, "जुनं वेल्क्रो टोपीची घडी घालते का?"

डॉक्टर पुढच्या बाळाकडे गेले. घरच्यांना यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी जाताना बजावलं. ते योग्यच होतं. मीही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी आजी घुगऱ्यांचा डबा घेऊन आली. मी फक्त पाचवी झाली का, एवढंच विचारलं.

"झाली ना. तुह्या फोटोत कपाळ नोतं, मंग मी तिलेच म्हनलं, माय, या लोकायच्या हातून काई होत नाही. सिस्टर आयकत नाही, फोटोवाली तं डॉक्टरले भेते..."

"मी नाही भीत."

"भेतेस वं, पायलं मी. मंग म्हनलं, आता तूच काढ टोपी अन् तूच लिही. पन नळीले हात नोको लावजो, लेकराचा जीव हाये त्याच्यात."

मी प्रशांतला विचारलं, हे नक्की कधीचं. मयूरीला दाखवायला त्याने घरच्या पूजेचा व्हिडिओ काढला होता. त्याने तो लावला. पाटावर माझी प्रिंट, समई, कोरा कागद, पेन. आजीची पाठ. आणि तिचा आवाज, शब्दन् शब्द तिने मला सांगितला तोच. शेवटच्या वाक्यावर मागून प्रशांत हसतो, मग दटावल्यासारखा गप्प होतो.

मी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. फोनमधली वेळ पाहिली, कॅमेऱ्यातली पाहिली. माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ मी रोज सकाळी फोनशी लावून घेते. आजीचं बोलणं माझ्या दोन फ्रेमच्या मध्ये पडतं.

"कागदावर काही उमटलं का?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

"कोराच हाये. तिचं अक्षर आपल्याले थोडंच दिसते."

नंतर मी जमेल तेवढं तपासलं. विभागाच्या दारावर कॅमेरा आहे. त्या वेळात दार उघडलेलं नाही. दूध मोजणाऱ्या सिस्टर हाक मारेपर्यंत खोलीतून हललेल्या नव्हत्या. ती टोपी मी मागून घेतली आणि घरी आणून वेल्क्रो सोडून पाहिलं. बाजूच्या खोलीतून भाच्याने विचारलं, काय फाडतेयस? शुभांगी सिस्टर आता या विषयावर बोलत नाहीत. मीही तो विषय काढत नाही. रोज तिथे काम करायचं असतं, आणि काम पुष्कळ असतं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर कळवावं, फ्रेम दाखवायला तयार आहे. व्हिडिओ प्रशांतचा आहे, त्याला विचारावं लागेल.

मुलीचं सीपॅप पुढच्या आठवड्यात निघालं. मग रक्तात संसर्ग झाला, तो औषधांनी गेला. मयूरी व्हीलचेअरवरून वर आली आणि तिने मुलीला पहिल्यांदा छातीशी घेतलं, तो फोटो मी काढला आहे. थंडी संपता संपता दोघींना घरी सोडलं. मुलीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. बाकीच्या तपासण्या ठीक आहेत. गेल्या वर्षी ती आधाराशिवाय चालायला लागली.