विलायतेची पोच

१९९४ साली मला एकोणसत्तर वर्षं पुरी झाली होती. बारामतीच्या बँकेत मी काउंटरवर मूठ आपटली, तेव्हा पलीकडच्या बाईंनी हातातलं पेन अंबाड्यात खोचलं, स्टुलाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "आबा, आधी बसा. मग भांडा."

भांडण भावाचं होतं. माझा थोरला भाऊ दुसऱ्या मोठ्या लढाईत फौजेत गेला आणि इटलीत पडला. घरी तार आली, पुढे वहिनीला पेन्शन लागली, पण त्याला कुठं पुरलंय ते कुणी सांगितलं नाही. निमगाव केतकीच्या एका पेन्शनर फौजीनं मला विलायतेतल्या दफ्तराचा पत्ता दिला. इंदापुरात पत्र टाइप करून धाडलं. उत्तर आलं, शोधून देऊ, पण फी पाच पौंड, आणि ती पौंडातच पाहिजे. वहिनी थकत चालली होती. तिचे डोळे मिटायच्या आत तिला ती जागा सांगायची, एवढंच माझं काम राहिलं होतं.

मी दुसरी शिकलेला. पैसे धाडायची एकच रीत मला ठाऊक, मनीऑर्डर. घेणाऱ्याच्या सहीची पोच परत येते, ती घरच्या कागदांच्या तारेला अडकवली की मन मोकळं. इंदापूरच्या पोस्टात मी विलायतेची मनीऑर्डर मागितली तर सगळे हसले. बँकेत आलो तर साहेब म्हणाले, एवढ्याशा ड्राफ्टसाठी पुण्याला कागद कोण पाठवणार?

"मी पाठवते," बाई म्हणाल्या. "पण आबा, फीपेक्षा बँकेचाच खर्च जास्त होईल."

"होऊ द्या. भाऊ माझा हाय."

"माझी मावसबहीण लंडनला असते. ती तिथंच भरेल. तुम्हाला काहीच पडणार नाही."

मी स्टुलावरून उठलोच. "माझ्या भावाची फी तुमची मावसबहीण भरणार? आमी काय मेलो व्हय?"

"उठलात का? बसून भांडायचं ठरलंय आपलं," म्हणाल्या, आणि हसल्या. मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

मग दर बाजारच्या दिवशी मी बँकेत. ड्राफ्ट आला नसला की बाई लांबूनच मान हलवायच्या, तरी मला बसवून चहा पाजायच्या. वहिनीची तब्येत विचारायच्या. तुम्हीही बँकेत जाता. काम झालं नसताना कुणी तुम्हाला बसा म्हणतं का, सांगा.

एकदाचा ड्राफ्ट आला. मी तो उलटासुलटा पाहिला.

"ह्याच्यावर घेणाऱ्याच्या सहीला जागा कुठं हाय? पोच कशी यायची?"

"उत्तर येईल ना आबा, तीच पोच."

मला काही पटलं नाही. पण पाकीट मीच चिकटवलं. बाईंनी डिंकाची बाटली पुढं केली.

उन्हाळा सरता सरता उत्तर आलं. शाळेतल्या गुरुजींनी वाचून दाखवलं. दादाच्या नावाचा दगड आहे, रांग कितवी ते लिहिलं होतं, सोबत त्या जागेचा फोटो. वहिनीला धड दिसत नव्हतं. तिनं फोटोवरून बोटं फिरवली.

"भावजी, उन्हात हायती का हो त्ये?"

"न्हाय वहिनी. झाडं हायती. उंच, सरळ."

तिनं पदर डोक्यावर ओढला आणि फोटो मांडीवर घेऊन बसली.

मी तसाच बारामतीची एसटी धरली. बाईंच्या खुर्चीत एक पोरगा बसला होता. बाईंची बदली झाली होती, लांब नागपूरकडं. "काय काम होतं?" त्यानं विचारलं. मी उभाच होतो. पाकीट हातात होतं, पण त्याला काय दाखवायचं? शिपायाकडून बाईंच्या नव्या शाखेचा पत्ता तेवढा लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरच्या पोस्टात गेलो आणि बाईंच्या नावानं पाच रुपयांची मनीऑर्डर केली. खिडकीतला म्हणाला, "आबा, पाच रुपयाला कशाला एवढा खटाटोप?" मी म्हणालो, "मला सही पाहिजे."

फॉर्मच्या खाली निरोपाला थोडी जागा असते. बाकावर बसलो आणि माझ्या हातानं, मोठ्या अक्षरात लिहिलं: दादा सापडला. सावलीत आहे. हे बसून लिहिलं.